माळवदाचे ओझे

संकटांचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडील रूढ रीत अशी आहे, की संकट ज्या घटकेस कोसळले त्या घटकेपासून कथेस आरंभ करावयाचा, मृतांची गणना द्यावयाची, मदतीस धावलेल्यांचा गौरव करावयाचा आणि दैवाच्या क्रौर्याविषयी दोन शब्द लिहून लेखणी खाली ठेवावयाची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मराठवाड्यात झालेल्या भूकंपाचा वृत्तांतही बहुतेकांनी याच रीतीने लिहिला. आमच्या धाराशिव जिल्ह्याच्या अर्वाचीन इतिहासात त्याहून दारुण प्रसंग दुसरा नाही. तेव्हा त्या लेखनात शोकाचा सूर प्रधान राहिला हे स्वाभाविकच होते. परंतु आता तीन दशके उलटून गेली आहेत. त्या वर्षी जन्मलेली मुले आज स्वतःची घरे बांधीत आहेत. अशा वेळी शोक बाजूस ठेवून काही विचार करणे अवश्य झाले आहे. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही भूकंपाच्या क्षणाविषयी थोडे, आणि त्याच्या आधीच्या व नंतरच्या काळाविषयी अधिक लिहिणार आहो. लोकांस धोका ठाऊक होता काय, असल्यास कितपत ठाऊक होता, आणि ठाऊक असूनही ते त्याच छपराखाली जाऊन का निजले, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

प्रथम घटना थोडक्यात सांगतो. अनंत चतुर्दशीचे गणेशविसर्जन आटोपून गावे उशिरा निजली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांच्या सुमारास धरणीकंप झाला. त्याचे परिमाण निरनिराळ्या वेधशाळांनी ६.२ पासून ६.४ पर्यंत दिले आहे. केंद्र लातूर जिल्ह्यातील किल्लारी गावाजवळ होते. परंतु लातूर हा १९८२ पर्यंत आमच्याच जिल्ह्याचा भाग होता, आणि भूकंपाने ही नवी सीमा मानली नाही. तेरणेच्या खोऱ्यातील सास्तूर, राजेगाव, होळी, पेठसांगवी, कवठा ही आमच्या जिल्ह्यातील गावे किल्लारीइतकीच जमीनदोस्त झाली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून बावन्न गावे अशी उद्ध्वस्त झाली, की ती पुन्हा त्याच जागी न वसविता दुसरीकडे वसवावी लागली. मृतांचा शासकीय आकडा ७,९२८ असा आहे. इतर काही गणना त्यास दहा हजारांच्या जवळ नेतात.

या आकड्याकडे क्षणभर निरखून पाहिले पाहिजे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगर येथे झालेला भूकंप किल्लारीच्या भूकंपाहून बळाने कमी नव्हता. त्यात सुमारे १८० माणसे दगावली. डोंगराळ मुलखात वस्ती विरळ होती हे त्याचे एक कारण मान्य केलेच पाहिजे. परंतु दाट वस्तीचे उदाहरण घ्यावयाचे तर १९८९ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को शहराच्या आसमंतात ६.९ परिमाणाचा भूकंप झाला. त्यातून मुक्त झालेली शक्ती किल्लारीच्या कित्येक पट होती, आणि मृत्यू ६३ झाले. तेव्हा मराठवाड्यातील आठ हजार माणसांच्या मृत्यूचे कारण केवळ भूगर्भात शोधून भागणार नाही. त्याचा मोठा भाग जमिनीच्या वर होता. भूमीने धक्का दिला. प्राण घेतले ते घरांनी.

ती घरे कशी होती? जुन्या गावठाणात ज्यांचे बालपण गेले त्यांना त्यांचे वर्णन सांगावयास नको. परंतु नव्या वाचकांकरिता ते करणे प्राप्त आहे. त्यांना धाब्याची किंवा माळवदाची घरे म्हणत. भिंती काळ्या दगडाच्या, दोन हातांहूनही रुंद, काही जुन्या वाड्यांत तर चार-चार, पाच-पाच फूट जाडीच्या. पण ही जाडी फसवी होती. बाहेरच्या अंगास दगडांचा एक थर, आतल्या अंगास दुसरा, आणि मधल्या पोकळीत गोटे, कपच्या व माती भरलेली. सांधण्यास चुन्याऐवजी चिखल. दोन्ही थरांस एकत्र बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड क्वचितच घातलेला असे. म्हणजे दिसावयास एक भिंत, वस्तुतः शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन दुबळ्या भिंती. आतल्या बाजूस लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या किंवा किलचने, आणि त्या सर्वांवर पांढऱ्या मातीचे माळवद.

या माळवदाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. पावसाळ्यात गळू नये म्हणून त्यावर मातीचा नवा थर चढविण्याची वहिवाट होती. जुना थर खरवडून काढण्याचे श्रम कोण घेतो? त्यावरच नवा पसरावयाचा, पाणी वाहून जाण्यास उतार द्यायचा, आणि निश्चिंत व्हावयाचे. बापाने घातलेल्या थरावर मुलाचा थर, त्यावर नातवाचा. अशा रीतीने मूळची वीतभर माती वाढत वाढत एक हात, कोठे दीड हात होऊन बसे. दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब अशा एका खोलीवर दीड फूट जाडीचे माळवद आहे असे धरले, तर त्याचे वजन शंभर क्विंटल भरते. शेतकऱ्याच्या भाषेत बोलावयाचे तर क्विंटलभर ज्वारीची शंभर पोती छपरावर रचून त्यांच्याखाली पोराबाळांस निजविण्यासारखे ते होते. पण पोती डोळ्यांस दिसली असती. हे ओझे कोणास दिसले नाही. कारण ते एका दिवसात चढले नव्हते, आणि प्रत्येक थर घरच्या माणसांच्या सुखाकरिता, मायेने चढविला गेला होता.

असल्या घरांस मूर्खपणा म्हणून हसण्याचा अधिकार कोणास नाही. ज्या प्रदेशात उन्हाळ्यात अंगाची लाही होते तेथे जाड भिंत व जाड माळवद यांच्यासारखा गारवा दुसऱ्या कशाने मिळणार? हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. दरोडेखोरांचे भय, आणि शेवटच्या काळात रझाकारांचे भय, गावोगावी होते. भिंत जितकी जाड तितका जीव व धान्य सुरक्षित, हा अनुभव लोकांच्या हाडीमासी खिळलेला होता. इमारती लाकूड महाग, दगड मात्र पायाशी विपुल. शिवाय दगडी वाडा ही प्रतिष्ठेची खूण होती. गवताने शाकारलेल्या कुडाच्या झोपडीत राहणारा मनुष्य पैसा गाठीस बांधताच पहिल्याने दगडाची भिंत उभारी. भूकंपाच्या पहाटे या प्रतिष्ठेचा हिशेब उलटा झाला. कुडाच्या हलक्या झोपड्या डोलल्या आणि बहुधा उभ्या राहिल्या. पडल्या तरी त्यांखाली माणूस मेला नाही. वाडे मात्र आतल्या माणसांसह बसले. भिंतीचे दोन्ही थर फुगून अलग झाले, आधार सुटला, आणि वर्षानुवर्षांची माती एका क्षणात खाली आली. जे दगडांनी मेले नाहीत ते मातीत गुदमरले.

आता ज्ञानाची बाजू पाहू. दख्खनचे पठार हे भूतलावरील अत्यंत स्थिर असे प्रदेश आहे, ही समजूत शास्त्रज्ञांत दीर्घकाळ रूढ होती. कोयनेच्या भूकंपाने तिला धक्का दिला. परंतु कोयनेस मोठे धरण असल्याने त्या जलाशयाकडे बोट दाखवून उरलेल्या पठाराविषयीची समजूत बहुतांशी तशीच ठेवण्यात आली. भारताच्या भूकंपप्रवणतेचा जो अधिकृत नकाशा १९९३ साली प्रचारात होता, त्यात लातूर व उस्मानाबाद हे प्रदेश पहिल्या, म्हणजे सर्वांत निर्धोक समजल्या गेलेल्या पट्ट्यात होते. २००२ साली नकाशा सुधारण्यात आला, तेव्हा तो पहिला पट्टाच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या पट्ट्यात गेला. भूकंपानंतर राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र पाडले. तेव्हा काळ्या कातळाची जाडी अवघी ३३८ मीटर असून त्याखाली अतिप्राचीन खडक आहे असे दिसून आले. आमच्या जिल्ह्यातील तेर हे प्राचीन नगर किल्लारीपासून फार दूर नाही. तेथील जुन्या अवशेषांत दीड हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या भूकंपाची चिन्हे असावीत, असा तर्क काही भूशास्त्रज्ञांनी मांडला आहे. तो खरा ठरल्यास ही भूमी पूर्वीही हादरली होती असे म्हणावे लागेल. परंतु लोकस्मृतीत त्याचा मागमूस नव्हता. दीड हजार वर्षे टिकेल अशी भीती कोणता समाज जतन करू शकतो?

आणखी एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. कच्च्या दगडमातीच्या इमारती भूकंपात टिकाव धरतील अशा कशा बांधाव्या, यासंबंधीची मार्गदर्शिका भारतीय मानक ब्यूरोने त्याच १९९३ साली प्रसिद्ध केली. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड घाला, दारांच्या माथ्यावरून सर्व भिंतींभोवती एक अखंड पट्टा फिरवा, कोपरे बांधून घ्या, छपराचे वजन कमी करा, अशा आशयाचे हे उपाय आहेत. त्यांत कोणतीही दुर्बोध विद्या नाही. कोणत्याही गावच्या गवंड्यास ते अर्ध्या दिवसात समजावून देता आले असते. पण ती पुस्तिका इंग्रजीत होती, अभियंत्यांकरिता होती. आणि सास्तूरच्या गवंड्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गच तिला नव्हता.

इतक्यावर कोणी म्हणेल, की जेथे शास्त्रज्ञांसही धोका दिसला नाही तेथे खेडुतांस तो कसा दिसावा? येथेच या इतिहासातील सर्वांत बोधप्रद, आणि आमच्या मते सर्वांत कमी चर्चिलेले, प्रकरण येते. १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारीच्या परिसरात भूमीतून गडगडाटासारखे आवाज येऊ लागले आणि लहान लहान धक्के जाणवू लागले. १८ ऑक्टोबर १९९२ रोजी त्यांतील सर्वांत मोठा धक्का बसला. त्याचे परिमाण चाराहून थोडे अधिक होते. काही घरांच्या भिंती तडकल्या. लोक घाबरले, घरे सोडून अंगणात व शेतात निजू लागले. माकणीजवळ तेरणेवर बांधलेल्या धरणामुळे हे होत असावे काय, अशी चर्चाही झाली. शास्त्रज्ञांचे त्यावर एकमत झाले नाही. पुढे धक्के विरळ झाले. थंडी पडली. लोक एक एक करून आत निजावयास गेले. तडे लिंपून घेण्यात आले. १९९३ चा पावसाळा आला, आणि वहिवाटीप्रमाणे माळवदांवर माती पडली. तीस सप्टेंबर उजाडण्यापूर्वी लोक ज्या छपराखाली निजले होते ते आदल्या वर्षीच्या छपराहून हलके खासच नव्हते.

म्हणजे सूचना मिळाली होती. पुन्हा पुन्हा, आणि मोठ्या आवाजात मिळाली होती. मग ती वाया का गेली? लोक अडाणी होते म्हणून, असे उत्तर देणे सोपे आहे, पण ते खरे नाही. ते अडाणी असते तर अंगणात निजलेच नसते. त्यांनी धोका बरोबर ओळखला आणि त्यावर जो एकच उपाय त्यांना सुचला तो केला. परंतु अंगणात निजणे हा जन्मभर चालविता येईल असा उपाय नव्हे. थंडी आहे, पाऊस आहे, साप-विंचू आहेत, घरात दाणादुणा आहे, लेकीसुनांची अब्रू आहे. ज्या सूचनेबरोबर करण्याजोगे, आवाक्यातले असे काही कृत्य सांगितले जात नाही, ती सूचना मनुष्य काही दिवस सोसतो आणि मग तिच्याशी जुळवून घेतो. प्रत्येक नवा धक्का काही अनर्थ न करता निघून गेला, की त्याचा अर्थ 'पुढे मोठा येणार' असा न लागता 'असे होतच असते' असा लागतो. त्या वर्षात एखाद्या अधिकाऱ्याने, शिक्षकाने किंवा आमच्यासारख्या पुस्तकी माणसाने गावोगाव जाऊन एवढेच सांगितले असते, की माळवदावरची जुनी माती उतरवा, हातभराची वीतभर करा आणि वर काही जलरोधक आवरण घाला, तर भूकंप टळला नसता. परंतु मृतांची संख्या खचित उतरली असती. माती उतरविण्यास खोरे, घमेले आणि चार दिवस पुरे होते.

हा अनुभव मराठवाड्याचाच आहे असे कोणी समजू नये. ज्या देशांत विद्या, पैसा व साधने यांची वाण नाही तेथेही हेच घडते, याचे एक उदाहरण अगदी निराळ्या भूमीतून देतो. उत्तर अमेरिकेच्या पर्वतांत हिवाळ्यात बर्फावर धावणाऱ्या लहान मोटारगाड्या घेऊन निर्जन उतारांवर हिंडण्याचा छंद पुष्कळांस आहे; या गाड्यांस स्नोमोबाइल म्हणतात. तेथील बर्फही आमच्या माळवदाप्रमाणे थराथराने साचते. निरभ्र, कडक थंडीच्या रात्री पृष्ठभागावर हलक्या स्फटिकांचा एक ठिसूळ थर जमतो. पुढच्या वादळात त्यावर नवे बर्फ पडते आणि ठिसूळ थर आत झाकला जातो. वरून सर्व शुभ्र आणि अखंड दिसते. मग गाडीच्या भाराने तो आतला थर मोडतो आणि अख्खा उतार लाटेसारखा खाली येतो. गाडला गेलेला मनुष्य पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत वर काढला तर बहुधा वाचतो, त्यानंतर वाचण्याची आशा वेगाने मावळते. तेव्हा बाहेरून मदत येण्याची वाट पाहणे व्यर्थ असते. जवळ असलेल्या सोबत्यांनीच उकरून काढावे लागते. यासाठी प्रत्येकाने अंगावर संदेश पाठविणारे यंत्र, हातात बर्फ चाचपण्याची लांब काठी व फावडे बाळगावे, आणि धोक्याच्या उतारावर एका वेळी एकानेच जावे, असा तेथील नियम आहे. धोक्याची पत्रके तर नेमाने निघतात.

आणि तरीही २८ डिसेंबर २००८ रोजी कॅनडातील फर्नी गावाजवळच्या हार्वे खिंडीत अकरा जणांच्या टोळीवर हिमस्खलन झाले. पहिल्या लोटाखाली काही जण गाडले गेले. उरलेले त्यांना उकरण्यास धावले, आणि ते खणीत असताना दुसरा लोट आला. आठ जण मेले. ते नवशिके नव्हते. जवळच्याच स्पारवुड या एका लहान गावचे, त्या डोंगरांत वाढलेले पुरुष होते. त्या दिवसांत धोक्याची पत्रके निघालेली होती. पुढे सव्वा वर्षाने, १३ मार्च २०१० रोजी, रेव्हेलस्टोक गावाजवळच्या एका डोंगरावर, विशेष इशारा जाहीर झालेला असताना, सुमारे दोनशे माणसे या गाड्यांच्या मेळाव्यास जमली. वरचा उतार सुटून दोघे मेले आणि तीसएक जखमी झाले. आठ जणांच्या मरणाची आठवण तेव्हा ताजी होती. काल गेलो तेव्हा काही झाले नाही, परवा गेलो तेव्हाही झाले नाही, हा तर्क तेथील यंत्रारूढ तरुणासही तितकाच पटतो जितका सास्तूरच्या शेतकऱ्यास पटला. मात्र त्या देशात पुढे जे प्रयत्न झाले त्यांत एक गोष्ट घेण्यासारखी आहे. पत्रके छापून भागत नाही हे ओळखून या गाड्या चालविणाऱ्यांनाच शिक्षक करण्यावर तेथे भर देण्यात आला. बर्फाचा अभ्यास करणारा पंडित सांगतो ते ऐकले जाते, परंतु बरोबरीचा गडी करून दाखवितो ते अंगवळणी पडते.

हे सूत्र आमच्या भूकंपोत्तर इतिहासातही दिसते. भूकंपानंतर बावन्न गावांचे पुनर्वसन शासनाने, अनेक दात्या संस्थांनी व जागतिक बँकेच्या कर्जाने केले. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. नवी गावे शहरी आखणीची, रुंद रस्त्यांची झाली. त्यांत जुन्या गल्लीबोळांचा शेजार राहिला नाही, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते यथार्थ आहे. पण आम्हांस त्याहून महत्त्वाचे वाटते ते दुसरे, फारसा गाजावाजा न झालेले काम. ज्या गावांचे अंशतः नुकसान झाले होते, अशा तेरा जिल्ह्यांतील सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकांच्या हातूनच करून घेण्याचे ठरले. हे काम आरंभी अडले. दगडाविषयी लोकांच्या मनात इतकी धास्ती बसली होती, की दगडी घर मजबूत करता येते हेच त्यांना पटेना. आणि अनुदानाचा पैसा हाती आला तरी तो कशावर खर्चावा हे उमजेना. तेव्हा स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साह्याने गावोगावच्या स्त्रियांस 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले. त्यांनी घरोघर जाऊन आरपार दगड कशास म्हणतात, पट्टा का फिरवावयाचा, माळवद हलके का करावयाचे, हे बायाबापड्यांस समजावून दिले. गवंडी सांगितल्याप्रमाणे काम करतो की नाही यावर देखरेख ठेवली. ज्या स्त्रीस घराच्या बांधणीविषयी कोणी कधी एक शब्द विचारला नव्हता, ती गवंड्यास 'कोपरा बांधला काय?' असे विचारू लागली. २००१ च्या जानेवारीत कच्छात भूकंप झाला तेव्हा यांपैकी काही स्त्रिया तिकडे जाऊन आपला अनुभव सांगून आल्या. आमच्या जिल्ह्याने परमुलखास दिलेल्या देणग्यांत या देणगीची गणना झाली पाहिजे.

आता वर्तमानाविषयी. जुन्या गावठाणांतून हिंडले तर दगडांचे ढीग आणि त्यांवर वाढलेल्या बाभळी दिसतात. नव्या गावांत कुटुंबे वाढली, दिलेली घरे अपुरी पडली, आणि लोकांनी त्यांस जोडून आपापल्या ऐपतीप्रमाणे खोल्या काढल्या. कोठे पत्र्याच्या, कोठे जुन्याच दगडांच्या, कोठे सिमेंटच्या स्लॅबच्या. मूळ घर बांधताना जी काळजी घेतली गेली ती या जोडकामात घेतली जातेच असे नाही. त्यांत पट्टा नसतो आणि कोपरा बांधलेला नसतो. सिमेंट आहे म्हणजे भय नाही अशी एक नवी समजूत रुजली आहे, आणि ती 'दगड आहे म्हणजे भय नाही' या जुन्या समजुतीची सख्खी बहीण आहे. आधारावाचून घातलेला जड स्लॅब भूकंपात माळवदाचेच काम करील. ज्यांनी तो काळोख पाहिला ते आजी-आजोबा अजून हयात आहेत तोपर्यंत घरात निदान भीतीचा शब्द निघतो. त्यांच्या पश्चात काय?

सरकारी नकाशा किंवा यादी या पोकळीची भरपाई करू शकेल असा विश्वास आम्हांस वाटत नाही. सह्याद्रीतील दरडींचा अलीकडील इतिहास त्याची साक्ष देतो. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेवर माणसे मेली. २२ जुलै २०२१ रोजी महाडजवळचे तळिये गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गेली. इर्शाळवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हते, असे शासनाकडून विधिमंडळात सांगण्यात आले. किल्लारी पहिल्या पट्ट्यात होती. इर्शाळवाडी यादीबाहेर होती. यादी करणाऱ्यांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. याद्या नेहमीच मागील अनर्थांवरून तयार होतात. पण यादीत नाव नाही एवढ्यावरून निर्धास्त झोपणे किती महाग पडते हे या दोन नावांनी दाखविले आहे.

तेव्हा करावे काय? प्रतिवर्षी तीस सप्टेंबर रोजी भूकंपग्रस्त गावांत मृतांस श्रद्धांजली वाहिली जाते. ती वाहिलीच पाहिजे. परंतु त्याच दिवशी प्रत्येक ग्रामपंचायतीने गावातील गवंडी, शाळेतील वरच्या वर्गातील मुले आणि ज्या संवाद सहायक स्त्रिया अजून आहेत त्या, अशांस बरोबर घेऊन गावातील घरे पाहत फिरावे, असे आम्ही सुचवितो. कोणत्या छपरावर किती भार आहे, कोणत्या नव्या भिंतीत पट्टा नाही, कोणता कोपरा सुटला आहे, हे मालकास दाखवून द्यावे, आणि काय करता येईल तेही त्याच ठिकाणी सांगावे. यास मोठ्या खर्चाची जरूर नाही. तेरच्या प्राचीन विटा पाण्यावर तरंगतात, हे कौतुक आम्ही पाहुण्यांस नेहमी दाखवितो. हलके बांधण्याची विद्या याच भूमीत एके काळी नांदत होती याचा तो पुरावा आहे. ती विद्या पुन्हा आमच्या गवंड्यांच्या हाती आली पाहिजे. भूकंप केव्हा येईल हे आजही कोणास सांगता येत नाही. पण तो येईल तेव्हा आमच्या डोक्यावर किती माती आणि किती सिमेंट असेल, हे ठरविणे सर्वस्वी आमच्या हाती आहे, आणि पुढचा पावसाळा येण्यापूर्वी ते काम हाती घेता येण्यासारखे आहे.